भाऱ्याला हात लावा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका प्रशिक्षक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

सभेच्या अध्यक्ष ताई, ग्रामसंघांच्या पदाधिकारी, सीआरपी ताई, लिपिका ताई, आणि पहाटे उठून भाकरी थापून, डबे बांधून, धारा काढून इथंपर्यंत आलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो,

मला विषय दिलाय 'कामाचा ताण आणि मनाची उमेद'. अध्यक्ष ताईंनी विषय सांगितला तेव्हा मागच्या रांगेतली एक मावशी शेजारणीला म्हणाली, "ताण कसला आलाय, काम म्हटलं की व्हायचंच." मला ऐकू आलं बरं का मावशी! पण रागावू नका, मी तुमच्यापासूनच सुरुवात करते.

तुम्ही गवताचा भारा आणता ना? सांगा बरं, बांधलेला भारा एकटीनं डोक्यावर घेता येतो का? कितीही तगडी बाई असू दे, नाही येत. ती बांधावर उभी राहते. कुणी येतंय का बघते. कुणी दिसलं की हाक मारते, "जरा हात लावा हो." आणि येणारं माणूस थांबतं. ओळखीचं असो नसो, थांबतं. दोन्ही बाजूंनी हात लागले की भारा डोक्यावर चढतो, आणि मग तीच बाई तोच भारा घेऊन मैलभर एकटी चालत येते.

हाक मारायची तिला लाज वाटली का? नाही. "हिला साधा भारा उचलता येत नाही" असं कुणी म्हणालं का? तेही नाही.

मग गटाच्या हिशेबाचा भारा, वसुलीचा भारा, मसाल्याच्या ऑर्डरीचा भारा, लोकांच्या बोलण्याचा भारा, हे सगळे आपण एकटीनं का उचलायला बघतो? तिथं हाक मारायची लाज का वाटते? मला आज एवढंच बोलायचंय. बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

माझा अठराशे रुपयांचा भारा

उपदेश करायच्या आधी स्वतःचं सांगते. म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की ही पुस्तकात वाचून बोलतेय.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या गावातल्या गटांची पुस्तकं लिहायचे. मार्च महिना, ऑडिट जवळ आलेलं. एका गटाची पेटी मोजली तर रोकड वहीत होती त्यापेक्षा अठराशे रुपये कमी. परत मोजली. परत कमी. बैठकीत शांतता झाली, आणि एक बाई म्हणाली, "पैसे कुठं गेले ते लिहिणारीलाच ठाऊक."

एवढंच म्हणाली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. भाकरी करताना तेच, खुरपताना तेच. पोरीनं काही विचारलं की मी खेकसायचे. डोकं सतत जड. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, "तुला कुणी सांगितले होते नसते उद्योग?" म्हणून त्यालाही सांगितलं नाही.

मग मी काय केलं? पोरीच्या वसतिगृहाच्या फीचे पैसे बाजूला ठेवले होते. त्यातले अठराशे काढले आणि गुपचूप पेटीत टाकले. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पुढच्या बैठकीला पेटी मोजली, हिशेब बरोबर जुळला. तीच बाई म्हणाली, "बघा, बोललं तसे पैसे परत आले. म्हणजे घेतलेच होते."

बायांनो, त्या दिवशी मला पायाखाली जमीन राहिली नाही. चोरी न करता मी स्वतःच्या हातानं चोर ठरले होते. घरी येऊन ठरवलं, उद्या सगळ्या वह्या ग्रामसंघात नेऊन टाकायच्या आणि परत या वाटेला जायचं नाही.

वह्या नेऊन टाकायच्या आधी त्या गटातल्या एका आजीकडे गेले. निरोप सांगायला म्हणून गेले, आणि ओसरीवर बसून रडले. आजीला वाचता येत नाही, अंगठा उठवते. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तू वही बंद करून रडतीस. उघडून आम्हाला वाचून का दाखवीत नाहीस?"

मग बैठक बोलावली. मी आधी पैसे टाकल्याचं कबूल केलं. मग वर्षभराची वही एकेक ओळ मोठ्यानं वाचायला घेतली. अमकीची बचत शंभर, बरोबर? बरोबर. तमकीचा हप्ता इतका, बरोबर? बरोबर. असं करत दिवाळीच्या महिन्यापर्यंत आलो. आमच्या त्या गटात एकाच नावाच्या दोघी होत्या. पहिलीचा हप्ता वाचला, अठराशे. बरोबर. दुसरीचा वाचला, अठराशे. तर ती उठली आणि म्हणाली, "ताई, मी त्या महिन्यात माहेरी होते. मी हप्ता भरलाच नाही."

हजेरीचं रजिस्टर काढलं. खरंच ती गैरहजर होती. एकीनं भरलेला हप्ता मी दोघींच्या नावावर चढवला होता. पैसे कुठं गेलेच नव्हते. ते आलेच नव्हते.

आता बघा. ती बाई गप्प बसली असती तर तिचं अठराशेचं कर्ज फिटल्यातच जमा होतं. ती बोलली म्हणून तिच्या डोक्यावर अठराशे परत चढले. तरी बोलली. माझ्या भाऱ्याला तिनं हात लावला तो असा.

गटानं ठराव करून माझे अठराशे मला परत दिले. पोरीची फी उशिरा भरली, दंड बसला. जिनं मला बोल लावला होता तिनं माफी मागितली नाही, आणि मीही मागायला लावली नाही. आजही आमचं जेमतेमच बोलणं आहे. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पण रात्री झोप यायला लागली.

आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती. पण ती का झाली? कारण त्या आठवड्यात दिवसभर कापूस वेचायचा, आणि रात्री तीन-तीन गटांचे कागद समोर घेऊन आठवून आठवून लिहायचं, असं चाललं होतं. डोळे मिटत होते. म्हणजे ताणातून चूक, चुकीतून पुन्हा ताण. तेव्हापासून आमच्या गटात दोन गोष्टी बदलल्या. वही बैठकीतच लिहायची, घरी न्यायची नाही. आणि बैठक उठायच्या आधी त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी मोठ्यानं वाचायच्या. आपल्या पंचसूत्रीत 'लेखे अद्ययावत' म्हणतात ते हेच. मला आधी वाटायचं, हे ऑडिटवाल्यांसाठी असतं. नाही. ते लिहिणारीला रात्री झोप यावी म्हणून असतं.

चोवीस चिंचोके

आता तुमच्याकडे येते. घरी गेल्यावर एक करून बघा. चोवीस चिंचोके घ्या. एक चिंचोका म्हणजे एक तास. जमिनीवर खडूनं पाच गोल काढा: झोप, घरचं काम, शेत किंवा मजुरी, गटाचं काम, आणि पाचवा स्वतःसाठी. कालच्या दिवसाचे चिंचोके त्या-त्या गोलात ठेवा.

मी जिथं जिथं हे करून घेते तिथं पाचव्या गोलापाशी बाया हसायला लागतात. कुणी अर्धा चिंचोका फोडायला बघते. एकदा एक ताई म्हणाली, "मी गटाच्या बैठकीला बसते तेवढाच माझा वेळ." दुसरी लगेच म्हणाली, "तू बसतीस. मी सचिव आहे, मला तिथंही बसायला मिळत नाही." सगळ्या हसल्या, पण त्यात खोटं काही नव्हतं.

हे चिंचोके नवऱ्याला, सासूला, पोरांना दाखवा. भांडण काढायचं नाही. नुसतं दाखवायचं आणि विचारायचं, यातले दोन चिंचोके कोण उचलतंय? पाणी कोण भरेल? बैठकीच्या दिवशी संध्याकाळी चूल कोण पेटवेल? सगळ्या घरात जमेल असं नाही. पण 'मी थकले' म्हटलं तर घरचे म्हणतात, सगळ्याच बाया थकतात. चिंचोके समोर असले की तसं म्हणता येत नाही.

विश्रांतीला आपण आळस समजतो. म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. आज रविवारी कचेऱ्या, शाळा बंद असतात. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना ही सुट्टी कुणी आपणहून दिली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी कामगारांना एकत्र केलं. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बाया उभ्या राहून बोलल्या. आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. त्या काळात, एवढ्या गर्दीत, दोन बाया बोलल्या! आपण तर आपल्याच ग्रामसंघात, आपल्याच सतरंजीवर बसलेलो असतो.

पैसे अडकले, हप्ता थकला

आता मसाला, पापड, शेवया करणाऱ्या गटांसाठी. माल गेला, पैसे आले नाहीत. बाया रोज अध्यक्षाच्या दारात. अध्यक्ष काय करते? "येतील परवा" म्हणते. परवा येत नाहीत. मग ती दुसऱ्या गल्लीनं जायला लागते. मैत्रिणींनो, खोटी तारीख देऊ नका. जे आहे ते बैठकीत सांगा: इतक्या किलोचा माल दिला, इतके पैसे यायचेत, अमक्या दिवशी फोन केला, असं उत्तर मिळालं. फोन करायला आणि खेटे घालायला दोघी-दोघी जा. पुढच्या ऑर्डरीला कच्च्या मालापुरती उचल आधी घ्या, आणि पैसे कधी मिळणार ते कागदावर लिहून घ्या. कागद नसला की सगळा विश्वास अध्यक्षाच्या तोंडावर तोलला जातो.

वसुलीचंही तसंच. जिचा हप्ता थकलाय तिच्या दारात चारचौघींनी जाऊन उभं राहणं, हे करणारीलाही नको वाटतं आणि जिच्या दारात जातो तिलाही. आधी एकीनं जावं, जिच्याशी तिचं पटतं अशीनं. आणि पहिला प्रश्न "पैसे कधी देतेस" हा नसावा. "काय झालं" हा असावा. दवाखाना निघाला असेल, पीक गेलं असेल, तर हप्ता लहान करून मुदत वाढवायचा अधिकार गटाला आहे. ठराव करा. गट आपला आहे.

कुणी बाहेरच्या मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज काढलं असेल तर एवढं लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी करता येत नाही. वसुली आधी ठरवलेल्या जागीच करायची. लागोपाठ दोन वेळा कर्जदार त्या जागी आली नाही तरच कंपनीचा माणूस घरी येऊ शकतो. कर्ज फेडायचंच आहे, ते कुणी माफ करत नाही. पण अपमान हप्त्यात धरलेला नाही.

बोलणं लागतं

"काय मिटिंगा करतीस, घरात ध्यान आहे का?" हे घरचं बोलणं. कचेरीत गेलं की "उद्या या", "साहेब नाहीत", हे बाहेरचं. आणि तिसरं आपलं आपलंच. सीआरपी ताई उन्हातान्हात चार वस्त्या फिरते, बँकेत बायांबरोबर तासन् तास उभी राहते, ते कुणाला दिसत नाही. एक फॉर्म चुकला की मात्र सगळ्यांना दिसतो. मी पदाधिकाऱ्यांना विनंती करते, ग्रामसंघाच्या बैठकीत चुका वाचता तशी झालेली कामंही नाव घेऊन वाचा. पैसे लागत नाहीत. आणि जिचा मोबदला थकलाय तिचा विषय ती नसतानाही मांडा. स्वतःच्या पैशाचं स्वतः बोलायला जीव संकोचतो.

पण एक गोष्ट नुसत्या बोलण्यातली नाही. कामाच्या ठिकाणी, मग ते शेत असो, कारखाना असो, कचेरी असो, कुणी लैंगिक त्रास देत असेल, घाणेरडं बोलत असेल, अंगचटीला येत असेल, तर तो ताण म्हणून सहन करायचा नाही. त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी. जिथं तशी समिती नाही, तिथल्या बायांसाठी, म्हणजे शेतमजूर, घरकाम करणाऱ्या, सगळ्यांसाठी, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करायची. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं काम आहे. आणि अडचणीच्या वेळी महिलांसाठीचा १८१ नंबर पाठ करून ठेवा.

अंग सांगतं ते ऐका

ताण तोंडानं बोलला नाही तर अंगातून बोलतो. झोप उडते. अन्न गोड लागत नाही. डोकं, पाठ धरते. छातीत धडधडतं. पोरांवर हात उगारला जातो. जिला रोज हसताना बघितलं ती बैठकीला यायचीच बंद होते.

असं एखाद-दोन दिवस सगळ्यांना होतं. पण दोन आठवडे झाले तरी उतरत नसेल, कामात जीव लागत नसेल, तर आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, डॉक्टरला नुसती डोकेदुखी सांगू नका, झोप येत नाही हेही सांगा. सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. कुणी "मला जगावंसं वाटत नाही" असं म्हणाली, हसत म्हणाली तरी, तिला एकटी सोडू नका. तिच्यापाशी बसा, तिथूनच फोन लावा, तिला दवाखान्यात घेऊन जा. मन आजारी पडणं म्हणजे वेड लागणं नव्हे. ताप येतो तसंच आहे. उपचार आहेत, बाया बऱ्या होतात.

शेवटची दहा मिनिटं

आता मी मागायला आलेय ते मागते. आपल्या बैठकीत हजेरी, बचत, कर्ज, परतफेड, वही असे विषय असतात. त्यात आणखी एक घाला. शेवटची दहा मिनिटं. नाव ठेवा 'हात लावा'. ज्या बाईला काही जड झालंय तिनं त्या वेळात सांगायचं. कुणाला नसेल काही, तर दहा मिनिटं गप्पा मारा, चहा प्या.

फक्त तीन गोष्टी पाळा. बोलणारीला मध्ये तोडायचं नाही. "माझं तर याहून वाईट" हे तर मुळीच म्हणायचं नाही. सतरंजीवरचं सतरंजीवरच राहील, कुणाच्या घरचं इतिवृत्तात लिहायचं नाही, ओट्यावर चघळायचं नाही. आणि सल्ला द्यायच्या आधी विचारायचं, "तुला नुसतं ऐकायला हवंय, की आम्ही काही करायला हवंय?" कधीकधी नुसतं ऐकणं पुरतं. मी आजीच्या ओसरीवर गेले तेव्हा आधी तिनं मला रडू दिलं, मग वहीचं बोलली.

आणि दुसरं मागणं पदाधिकाऱ्यांचं. वर्षानुवर्षं तीच अध्यक्ष, तीच सचिव, "तिलाच जमतं" म्हणून. तिला जमतं हे खरं, पण तिचेही चिंचोके चोवीसच आहेत. मुदत संपली की पद फिरवा. नव्या ताईला सहा महिने शेजारी बसवून शिकवा. चुकेल ती. मीही चुकले होते, अठराशेला.

मावशी, तुम्ही म्हणालात, काम म्हटलं की व्हायचंच. बरोबर आहे. भारा असणारच, तो मी काढून टाकू शकत नाही. पण बांधावर कुणी उभी असेल आणि तिनं हाक मारली नाही, तरी तिच्याकडे बघून आपण थांबूया. आणि स्वतः उभ्या असू तेव्हा हाक मारूया.

पुढच्या सभेला मी येईन तेव्हा किती गटांनी ती दहा मिनिटं ठेवली ते विचारणार आहे. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे माझ्यावर रागवायला नको.

एवढं बोलून मी थांबते. जेवायची वेळ झालीय, आणि आज स्वयंपाक आपण केलेला नाही, तर बसून, गरम गरम, सावकाश जेवूया.